रंगाआधीचं कापड

नव्या कोऱ्या हातमागाच्या कापडावर पाण्याचा थेंब सोडला तर तो लगेच मुरत नाही. गोल राहतो आणि कापड जरा तिरकं केलं की घरंगळून जातो. कापसाच्या तंतूवर निसर्गानेच दिलेला मेणाचा पातळ थर असतो, तो या कापडात अजून शाबूत असतो. गिरणीत तो कॉस्टिक सोड्यात उकळून काढतात, मग ब्लीच करतात, मग रंग चढवतात. घरी आणलेलं कोरं कापड मात्र चार-पाच धुण्यांत हळूहळू पाणी प्यायला शिकतं. आधी ताठ असतं, खळीचा भातासारखा वास येतो, सुतात सरकीच्या टरफलाचे काळे-तपकिरी ठिपके अडकलेले दिसतात. धुवत गेलं की मऊ होतं, थोडं आटतं आणि अंगाला ओळखायला लागतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा डोक्याला गुंडाळायला अशा जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या बिनरंगी दुपट्ट्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

या कापडावर माझा जीव आहे आणि त्याचं कारण फक्त अंगाला बरं वाटतं एवढंच नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. आमच्या गावात कापूस सगळ्यांच्या घरात असतो. ओसरीत गंजी लागते, पोरं तिच्यावर लोळतात, अंगाला खाज सुटते, मग एक दिवस गाडी येते आणि घर रिकामं होतं. तो कापूस पुढे कुठे जातो हे गावात कुणीच सांगू शकत नाही. आणि तालुक्याच्या बाजारात जे कापड विकायला येतं ते कुठल्या शेतातलं, हे दुकानदार सांगू शकत नाही. या दोन गोष्टींच्या मधली वाट कापडाला रंग न देता जोडता येते, असं मला वाटतं. त्याबद्दलच हे लिहिते आहे.

कापूस पांढरा असतो असं शहरातले लोक समजतात. वेचणाऱ्या बायांना विचारा. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. ती फुटली की पहिल्या वेच्याआधी सीतादहीची पूजा होते. धुऱ्याजवळच्या झाडापाशी दगड मांडून हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग ओट्या बांधून ओळी धरायच्या. त्या पहिल्या वेच्याचा कापूस लख्ख असतो, हलकीशी सायीची छटा असलेला. त्यानंतर अवकाळी पाऊस येऊन गेला तर उघड्या बोंडातला कापूस करडा पडतो. अळीने पोखरलेल्या बोंडातून निघते ती कवडी, पिवळ्या डागांची, आखडलेली. उशिरा, फेब्रुवारीच्या सुमाराला वेचलेला कापूस मळकट आणि अशक्त. एकाच वावरात एका हंगामात इतके पांढरे असतात, आणि वेचणारी बाई ओटीतून ढिगावर टाकतानाच ते वेगळे करू शकते, तिला तेवढी उसंत आणि तेवढा पैसा दिला तर. सध्या वेचाई किलोवर मिळते. किलोवर मजुरी मिळत असताना कवडी बाजूला काढत कोण बसेल?

रंगवायच्या कापडात हा सगळा फरक बुडून जातो. गडद निळ्याखाली पहिला वेचा आणि शेवटचा वेचा सारखेच. बिनरंगी कापडात तसं होत नाही. ताणा, म्हणजे उभे धागे, एका वेच्याच्या सुताचा आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, काही कांड्या दुसऱ्याच्या, असं झालं की कापडावर आडवा पट्टा उमटतो आणि धुतल्यावरही जात नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या बाजूच्या एका वयस्क विणकराकडे मी जाऊन बसते. त्यांचा खड्डामाग घराच्या पुढच्या खोलीत आहे. पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, हात धोट्यावर. ते म्हणाले, "रंगाच्या कपड्यात चूक झाकून जाते जी ताई. कोऱ्यात नाही झाकत. ताणा आखडला, बाणा ढिला पडला, सारं दिसते. मले तर कोरा विणाले जास्त येळ लागते. आन् लोक म्हणतेत, रंगच नाही तं स्वस्त द्या."

हे त्यांचं शेवटचं वाक्य मला फार लागलं. कापडाची किंमत आपण त्याच्यावर काय चढवलं आहे यावरून ठरवतो. रंग, छपाई, भरतकाम, जर. खालचं कापड जणू फुकटच आलेलं असतं.

ते फुकट कसं होतं याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमधून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, काढला तर साधारण 34 किलो रुई मिळते, बाकीची सरकी. पिंजण्यात आणि कातण्यात थोडी तूट येते. ती धरूनही अर्ध्या किलो वजनाच्या पन्नासच्या वर साड्या या रुईत होतात. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. म्हणजे एका सुती साडीतल्या कापसासाठी शेतकऱ्याच्या हाती, तोही हमीभाव मिळाला तर, दीडशे रुपयेही पडत नाहीत. बियाणं, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचाई सगळं त्यात. साडी दुकानात हजाराला विकली जाते की पाच हजाराला, याने त्या आकड्यात काहीही फरक पडत नाही. विणकराकडे दुसरी गोष्ट. त्यांना मजुरी नगावर मिळते, आणि त्यांच्या घरात मागच्या दाराशी बसून कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी त्याच नगात धरलेली असते. तिची वेगळी मोजत नाहीत.

असं पूर्वीपासून नव्हतं, आणि ते आपोआपही झालं नाही. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर खिळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा गेला. त्या काळात या भागासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक कापूस आयुक्त होता. त्याने आपल्या अहवालात हेतू उघड मांडून ठेवला आहे. रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग इथे सूत कातण्यात खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मिळतील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही. आमच्या गावात सगळेच कापूस वेचतात आणि कुणीच कापड विणत नाही, याला मी इतकी वर्षं गावाचा स्वभाव समजत होते. तो कुणीतरी मेजावर बसून आखलेला बेत होता.

पुढे 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणी आपली असो की परकी, तिला लांब आणि मजबूत धागा हवा. चात्यांचा वेग जितका जास्त तितका तंतू लांब लागतो. हिंगणघाटची बनी नावाची जात तेव्हा देशी कापसात नावाजलेली होती. तरीही ती मागे पडत गेली. आधी, धागा आखूड असला तरी रुई अधिक देणाऱ्या जाती आल्या, मग गिरणीला हव्या तशा लांब धाग्याचा अमेरिकन कापूस, मग संकरित वाण, आणि 2002 पासून जनुक बदललेलं बीटी बियाणं. आज आमच्या भागात देशी कापूस, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातली गावरानी पऱ्हाटी, शोधूनच काढावी लागते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाच्या एकेए-7, एकेए-8 अशा जाती दिल्या आहेत. पण जिनिंगवाले वेगळा लॉट म्हणून तो कापूस घेत नाहीत आणि व्यापारी आखूड धागा म्हणून भाव पाडतात.

गावरानी पऱ्हाटीचं मूळ खोल जातं. रस शोषणाऱ्या किडी तिला कमी त्रास देतात. ती सरळ वाणाची असल्यामुळे तिची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येते, दर मृगाला बियाण्याच्या पाकिटांसाठी रांगेत उभं राहावं लागत नाही. दोषही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. बोंड लहान, आणि फुटलं की कापूस लवकर खाली गळतो, त्यामुळे वेचणी वेळेवरच व्हावी लागते. आज मजूर मिळण्याची जी अवस्था आहे त्यात हे फार मोठं अडचणीचं आहे. पण हाताने कातायला तो आखूड तंतू चालतो. चरख्यावर धाग्याला गिरणीइतका ताण बसत नाही, पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, सूत ओढणारा हात तंतू ऐकून ऐकून पुढे जातो. शिवाय रुई गावातच वापरायची असेल तर ती दाबून गाठ बांधण्याची गरज नसते. 170 किलोची गाठ बांधताना रुई इतकी दाबली जाते की गिरणीत नेल्यावर पुन्हा यंत्रांनी झोडपून मोकळी करावी लागते. न दाबलेल्या रुईचा फुगीरपणा सुतात राहतो आणि कापडात येतो. हातात घेतलं की कळतं.

वर्ध्याला हे सगळं नवीन नाही. 1937 मध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली आणि टकळी शाळेच्या वर्गात शिरली. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे, आणि तिथे सेंद्रिय कापसाची खादी होते. सेवाग्रामला लोक जातात, बापूकुटी बघतात, फोटो काढतात. मला तिथे कातायला बसलेल्या माणसांजवळ थांबावंसं वाटतं. चरख्यावर कातणारी एक मावशी मला सूत दाखवत म्हणाली होती, "पाह्य, हे आपल्या इकडचं. बाहेरून पेळू येते त्याचं सूत सारखं निंघते, पण हाताले ते काही सांगत नाही." आपला कापूस तिच्या हाताला काय सांगतो हे मी तिला विचारलं. ती हसली आणि पेळू माझ्या हातात दिला. माझ्या हातात धागा तुटतच राहिला. तिला मात्र तुटण्याआधी कळत होतं, अंगठा थोडा सैल व्हायचा आणि धागा पुढे यायचा.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कापड बिनरंगी आहे म्हणून ते शुद्ध आहे, असं आजकाल दुकानांतून सहज सांगितलं जातं. रंगाचं नुकसान खरं आहे. तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदीची इतकी दशा झाली की 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला सांगावं लागलं. पण आमच्या भागात विष रंगाच्या टाकीत नाही, फवारणीच्या पंपात आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, तोंडावर साधा फडका, आणि दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली. त्या वर्षीच्या कापसाची रुईही पांढरीच निघाली असेल. त्याचं बिनरंगी कापड कुणी मला निसर्गस्नेही म्हणून विकलं, तर मी ते अंगावर कशी घेऊ? शेत बदललं नाही आणि नुसता रंगाचा टप्पा गाळला, तर त्यात खर्च तेवढा वाचतो.

वनस्पतींच्या रंगांशी माझं भांडण नाही. पळसफुलाचा पिवळा मलाही आवडतो, डाळिंबाच्या सालीचाही. एवढंच की त्या रंगाखालचं सूत कुणाच्या वावरातलं, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

कापसाबद्दल बोलताना विदर्भाचा पूर्व भाग विसरला जातो, तिथे धानाची शेती आणि तळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या त्या पट्ट्यात कोसा, म्हणजे रानरेशीम, होतो, आणि कोशाला रंग लागतच नाही, तो रंग घेऊनच जन्मतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर या रानअळ्या वाढतात. तुतीच्या रेशमाची अळी घरात टोपलीत पोसता येते. कोशाची अळी उघड्या जंगलात, झाडावरच पोसावी लागते. ढिवर समाजातली माणसं पावसाळ्यात त्या झाडांखाली मुक्काम ठोकतात. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या, सगळ्यांना अळी हवी असते. माणूस दिवसभर गोफण घेऊन हाकारत फिरतो. एका झाडावरचा पाला संपला की फांदी कापून अळ्यांसकट दुसऱ्या झाडावर बांधतात. शेवटी अळी देठाने फांदीला पक्कं टांगलेलं कोष करते, एखाद्या टणक फळासारखं. कुठला करडा, कुठला पिवळसर, कुठला मधाच्या रंगाचा.

या कोशातल्या गोंदात झाडाच्या पाल्यातलं टॅनिन उतरलेलं असतं. म्हणून तो सहज सुटत नाही, सोड्याच्या पाण्यात उकळावा लागतो. आणि म्हणूनच तो नीट पांढराही होत नाही. इतर ठिकाणी लोक याला दोष समजले असतील. आमच्या विणकरांनी त्याचाच डौल केला. करवत काठी साडी बघा. अंग कोशाचं, मूळच्या रंगाचं, आणि काठ तेवढा रंगीत, करवतीच्या दात्यांचा. काठाचे दाते विणायला तीन धोटे लागतात. दोन काठांना एकेक आणि मधल्या अंगाला एक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवत न्यावा लागतो, त्यासाठी मागावर बहुतेक दोन माणसं बसतात. रंग जिथे आहे तिथे इतकी मेहनत आणि इतकी थोडी जागा. बाकी सगळी साडी ऐनाच्या पाल्याची.

जवळून पाहिलं की अंगातही सरळ एकच रंग नसतो. एका कांडीतलं सूत थोडं राखट, दुसरीतलं थोडं तांबूस. शहरातल्या काही गिऱ्हाइकांना तो डाग वाटतो. पवनीजवळच्या त्या काकांना मी विचारलं, एकसारखं का नाही करत? ते म्हणाले, "जंगलातले दोन झाडं तरी सारखे हायेत का?" आणि धोटा फेकला.

उकळताना कोशातला जीव मरतो, हे सांगायला हवं. पतंग निघून गेलेल्या, भोक पडलेल्या कोशांचंही सूत करतात, ते सलग निघत नाही म्हणून कातावं लागतं. त्याला घिचा म्हणतात. जाडंभरडं, गाठीगाठीचं, पण थंडीत अंगावर घ्यायला त्यापेक्षा छान वस्त्र नाही. घिच्याला भाव मात्र पहिल्या प्रतीच्या धाग्याचा मिळत नाही.

मेंढीच्या काळ्या लोकरीचं घोंगडं आणि अंबाडीचा दोर हेही याच घरातले. धनगरांकडच्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे पाऊस सहज आत शिरत नाही. अंबाडी आमच्याकडे वावराच्या कडेने पेरत. पाला भाजीला, खोडं नाल्याच्या पाण्यात भिजत घालायची, साल सोलून वाक काढायचा, आणि पोळ्याच्या आधी घरातली माणसं कासरे, दावी वळायची. आता बाजारात नायलॉनचे निळे-हिरवे दोर मिळतात. बैलाच्या मानेला ते काचतात आणि तुटले की वावरात तसेच पडून राहतात.

आणखी एक कापूस आहे, ज्याची मला फार उत्सुकता आहे. बोंडातूनच तपकिरी निघणारा. हे देशी कापसात पूर्वीपासून आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत कापसाच्या हजारो वाणांचं बियाणं जतन केलेलं आहे आणि रंगीत कापसावरही तिथे काम झालं आहे. या कापसाचं कापड धुतल्यावर फिकं पडण्याऐवजी सुरुवातीला गडद होतं, कारण रंग वरून चढवलेला नसून तंतूच्या आत असतो. अडचण अशी की तो पांढऱ्या कापसापासून लांब लावावा लागतो, नाहीतर परागीकरणातून दोन्ही बिघडतात. जिनिंगमध्येही वेगळा काढावा लागतो. एका तपकिरी बोंडाची रुई पांढऱ्या लॉटमध्ये मिसळली तर तो लॉट नाकारला जातो. म्हणजे शेजाऱ्याला विश्वासात घेतल्याशिवाय हे पीक घेताच येत नाही. मला तर ही अट चांगलीच वाटते.

माझ्या भावाने यंदा एका एकरात देशी कापूस लावला आहे, मध्ये तुरीच्या ओळी. घरात त्यावर बरीच वादावादी झाली. आई म्हणाली, तुमच्या आजोबांनी सोडलं ते काही उगाच नाही सोडलं. खरं आहे. त्यांनी सोडलं तेव्हा तो कापूस घेणारं कुणी उरलं नव्हतं. आज मी घेणार आहे, आमच्या ओळखीतले आणखी काही जण घेणार आहेत, आणि भाव आम्ही सीतादहीच्या आधीच भावाशी ठरवला आहे, बाजार चढो की पडो. वेचणाऱ्या बायांना किलोवर नाही, दिवसावर मजुरी, आणि कवडी वेगळ्या ओटीत. कातायला त्या मावशीच्या गटाने होकार दिला आहे. पवनीचे काका ताणा लावायला तयार आहेत, पण त्यांची अट आहे की सगळं सूत एकाच वेळी आणि पहिल्या दोन वेच्यांचंच हवं.

अडलं आहे ते जिनिंगपाशी. एका एकराचा कापूस मोठ्या जिनिंगला परवडत नाही, आणि तिथे घातला तर आपली रुई आपल्यालाच परत मिळेल याची खात्री नाही. पूर्वी घरोघरी सरकी काढायचा लाकडी रेचा असे. आमच्या घरचा चुलीत गेला. वर्धा, यवतमाळ किंवा अमरावतीकडे कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला रेचा असेल, किंवा लहान लॉट वेगळा काढून देणारी एखादी छोटी जिनिंग माहीत असेल, तर मला जरूर कळवा. दिवाळीच्या आत मिळाला तर बरं होईल. पऱ्हाटीला पात्या, म्हणजे कळ्या, धरल्या आहेत.